पीटर्सबर्गचा सप्टेंबर

रशियन साहित्य भाषांतरांतून वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात सेंट पीटर्सबर्गचे दोनच ऋतू पक्के बसलेले असतात. एक उन्हाळा. दस्तयेवस्कीची ‘शुभ्र रात्री’ (१८४८) ही कथा मावळायला तयार नसलेल्या उजेडात घडते. ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) जुलैच्या कोंदट उकाड्यात, चुन्याच्या आणि धुळीच्या वासात सुरू होते. दुसरा हिवाळा. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (१८४२) अकाकी अकाकियेविच ज्या थंडीशी झुंजतो, तिच्याखेरीज त्या कथेला अर्थच उरत नाही. या दोहोंच्या मधला ऋतू, म्हणजे सप्टेंबरातले ते मोजके आठवडे, आपल्या वाचनात जवळजवळ येत नाही. प्रवासी मंडळीही शक्यतो जूनमध्ये जातात, आणि शुभ्र रात्री पाहून परततात.

इतिहासाच्या बाजूने पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. या शहराच्या चरित्रातल्या अनेक निर्णायक घटना सप्टेंबराच्या आगेमागे घडलेल्या आहेत: पूर, नामांतरे, हद्दपारी, फाशीचे निकाल, वेढा आणि एका बंद संग्रहालयाचे पुन्हा उघडणे. यात काही दैवी योजना शोधण्याचे कारण नाही. पुरांना नैसर्गिक कारण आहे. बाकीचा सारा योगायोग. परंतु योगायोगही कधीकधी वाचनाचा एक सोयीचा क्रम देऊन जातो. आरंभीच्या शरदात या शहरात पाऊल ठेवणाऱ्याने तारखांच्या या क्रमाने शहर वाचले, तर जूनच्या उजेडात न दिसणारी एक गोष्ट त्याला दिसू शकते. या शहरात तारीख ही नुसती नोंद राहिलेली नाही. ती कोणाची, कोणी नोंदवायची आणि कोणी पुसायची, यावरून येथे दीर्घ संघर्ष झालेला आहे.

प्रथम ऋतूच्या नावाविषयी थोडे. रशियन ‘ओसेन’ला आपण सर्रास ‘शरद’ म्हणतो. शब्दकोशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मराठी कानाला ‘शरद’ म्हटले की निवळलेले आकाश, नितळ पाणी आणि कोजागिरीचे चांदणे आठवते. पावसातून सुटल्याचा तो ऋतू आहे. दुसरे काही भाषांतरकार ‘पानगळ’ वापरतात. पण आपल्याकडची पानगळ शिशिरातली, तिच्या पाठोपाठ वसंत येतो, पळस फुलतो. नेवाकाठची पानगळ सप्टेंबरात सुरू होते आणि तिच्यामागे सहा महिन्यांचा काळोख उभा असतो. रशियन भाषेत या काळातल्या शेवटच्या उबदार दिवसांना ‘बाब्ये लेतो’, म्हणजे बायकांचा उन्हाळा, असे घरगुती नाव आहे. ग्रीष्म उद्यानातली लिंडेनची झाडे पिवळी पडतात, मेपल तांबूस होतात, दिवस झपाट्याने आखडत जातो आणि समुद्राकडून वारा सुटतो. हे दिवस सुंदर असतात, परंतु त्या सौंदर्याला मुदत आहे हे प्रत्येकास ठाऊक असते. वर्गात पुश्किनची किंवा अख्मातोवाची कविता शिकवताना ‘शरद’ या शब्दातले आपले चांदणे थोडे बाजूला ठेवावे लागते, ते यासाठी.

समुद्राकडून सुटणारा हा वाराच या शहराचा सर्वांत जुना इतिहासकार म्हणावा लागेल. पीटरने १७०३ साली नेवाच्या मुखाशी, दलदलीच्या सखल बेटांवर शहर वसवायला घेतले. येथला पूर आपल्या कृष्णेच्या किंवा पंचगंगेच्या पुरासारखा नदीच्या उगमाकडून येत नाही. बाल्टिक समुद्रावरून शरदातली वादळे पूर्वेकडे सरकतात, फिनलंडच्या आखातात पाण्याची एक लांब लाट ढकलतात. आखात पूर्वेकडे अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे लाट चढत जाते आणि नदीच्या मुखाशी येऊन नदीलाच मागे लोटते. म्हणून पावसाचा थेंब न पडताही शहर बुडू शकते. १७७७च्या सप्टेंबरात पाणी नेहमीच्या पातळीहून ३२१ सेंटिमीटर चढले. १८२४च्या नोव्हेंबरात ते ४२१ सेंटिमीटर चढले. आजवरचा सर्वांत मोठा पूर तो हाच. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्यास दोन महिने उरले असताना, २३ सप्टेंबर १९२४ रोजी, ३८० सेंटिमीटरचा दुसरा महापूर आला. नेव्हस्की या प्रमुख रस्त्याची फरसबंदी तेव्हा लाकडी षट्कोनी ठोकळ्यांची होती. ते ठोकळे उखडून पाण्यावर तरंगत गेले.

१८२४च्या पुरावर पुश्किनने १८३३च्या शरदात, बोल्दिनो या गावी, ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हे दीर्घकाव्य रचले. त्याची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांस सांगण्याची गरज नाही. येवगेनी नावाचा एक साधा कारकून. पुरात त्याची वाग्दत्त वधू वाहून जाते. भ्रमिष्ट होऊन तो पीटरच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर मूठ आवळतो आणि मग तो पुतळा आपला पाठलाग करीत आहे या भासाने रात्रभर पळत सुटतो. फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला तो पुतळा १७८२ साली कॅथरीनच्या कारकीर्दीत उभा राहिला आणि आजही सिनेट चौकात आहे. काव्याचे पुढे काय झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. झार निकोलस पहिला हा स्वतः पुश्किनचा परीक्षक होता. त्याने हस्तलिखितावर आक्षेपाच्या खुणा केल्या. शहराची स्तुती असलेली प्रस्तावना १८३४ साली छापली गेली; येवगेनीची कथा मात्र कवीच्या हयातीत छापून आली नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८३७ साली, तीही दुरुस्त्यांसह, ती प्रसिद्ध झाली. म्हणजे संस्थापकाचे गुणगान चालले; बुडालेल्यांच्या वतीने आवळलेली मूठ चालली नाही. या शहरात पुढे जे जे घडले त्याचा नमुना येथे तयार झालेला दिसतो.

पीटर आणि पॉल किल्ल्याच्या नेवाकडील दरवाजात, आतल्या भिंतीवर, पुरांच्या पातळ्या दाखवणाऱ्या खुणा आहेत. सप्टेंबरात आलेल्या प्रवाशाने पुतळ्याआधी त्या पाहाव्यात. पुतळा वर पाहायला लावतो; या खुणा माणसाच्या खांद्याची, डोक्याची उंची मोजायला लावतात. १९७५च्या सप्टेंबरअखेरीसही येथे २८१ सेंटिमीटरचा पूर आला होता. आखातावरचा पंचवीस किलोमीटरहून लांब बांध १९७९ साली हाती घेतला गेला, मध्यंतरी काम रेंगाळले, आणि तो २०११ साली पूर्ण झाला. तेव्हापासून शहराचे पुरांपासून रक्षण होत आहे. तीनशे वर्षे शहराला बांधलेला तो भयाचा धागा आता सुटला. येवगेनीच्या भयाचा अर्थ नव्या पिढीला टिपांतून समजावून द्यावा लागेल.

पुरांनंतर नावे. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झाले आणि ‘पीटर्सबर्ग’ हे जर्मन वळणाचे नाव खटकू लागले. ३१ ऑगस्टच्या राजाज्ञेने (जुन्या रशियन पंचांगानुसार १८ ऑगस्टच्या) ते ‘पेत्रोग्राद’ झाले. सप्टेंबर उजाडला तो नव्या नावानिशी. लेनिनच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९२४ मध्ये, ते ‘लेनिनग्राड’ झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महापूर आला, त्याला शहराच्या बदललेल्या नावाशी काही देणेघेणे नव्हते. जून १९९१ मध्ये नागरिकांचे मत घेतले गेले. सुमारे चोपन्न टक्के लोकांनी जुन्या नावाच्या बाजूने कौल दिला, आणि ६ सप्टेंबर १९९१ रोजी ‘सेंट पीटर्सबर्ग’ अधिकृतपणे परत आले. अर्ध्याहून थोडेच अधिक लोक अनुकूल होते, हा आकडा विसरू नये. ज्यांनी विरोध केला त्यांत केवळ जुन्या राजवटीचे अभिमानी नव्हते. ‘लेनिनग्राड’ या नावाखाली ज्यांचे आईबाप उपाशी मेले, त्यांच्या लेखी ते नाव लेनिनचे उरलेले नव्हते, ते त्यांच्या मृतांचे झाले होते. शहराभोवतीच्या प्रांताचे नाव आजही लेनिनग्राड प्रांत असेच आहे. एकाच आगगाडीच्या प्रवासात दोन राजवटींची नावे भेटतात.

नावे बदलत असताना माणसांचे काय होत होते? १९२२च्या सप्टेंबरअखेरीस पेत्रोग्रादहून ‘ओबरब्युर्गरमाइस्टर हाकेन’ हे जर्मन जहाज निघाले. त्यावर निकोलाय बेर्द्यायेव, सेम्योन फ्रांक, इवान इल्यिन यांच्यासारखे तत्त्वचिंतक आणि त्यांची कुटुंबे होती. त्यांनी शस्त्र उचललेले नव्हते. नव्या सत्तेला त्यांचे विचार नको होते, आणि परत आल्यास मृत्युदंड अशी ताकीद त्यांना दिलेली होती. नोव्हेंबरात ‘प्रोयसन’ हे दुसरे जहाज निकोलाय लोस्की आदी मंडळींना घेऊन गेले. ‘तत्त्वज्ञांचे जहाज’ म्हणून या घटना आज ओळखल्या जातात. पंधरा वर्षांनंतर जे झाले त्याच्या तुलनेत ही शिक्षा सौम्यच वाटावी, हे त्या शतकाचे दुर्दैव.

ते ‘पंधरा वर्षांनंतर’ समजून घ्यायला आपल्याला एका मराठी माणसाची सोबत मिळते. संस्कृताच्या अभ्यासकांना हे शहर त्याच्या कोशामुळे परिचित आहे. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत–जर्मन कोश येथल्या विज्ञान अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केला, आणि ‘पीटर्सबर्ग कोश’ या नावानेच तो जगभर ओळखला गेला. १८९७ पासून सेर्गेई ओल्देनबुर्ग यांनी ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ही बौद्ध ग्रंथांची माला येथूनच सुरू केली. याच परंपरेतले फ्योदोर श्चेर्बात्स्की १९१०–११ साली भारतात येऊन पंडितांजवळ न्यायशास्त्र शिकून गेले होते. बौद्ध संस्कृतीची एक संशोधन संस्था १९२८ साली लेनिनग्राडला त्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. त्याच्याच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकवण्यासाठी लेनिनग्राडला गेले.

धर्मानंदांचे ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यात हा मुक्काम येणे शक्यच नव्हते. आणि त्यामुळेच मराठी वाचकांच्या स्मरणात हार्वर्डचे धर्मानंद जितके आहेत तितके लेनिनग्राडचे नाहीत. वास्तविक ही भेट किती विलक्षण आहे! घर सोडून बुद्धाच्या शोधात पायपीट केलेला, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवलेला, हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनावर श्रमलेला हा माणूस आपल्या पालीसह त्या शहरात पोचला, जेथे एक नवी राजवट धर्ममात्राचा निकाल लावू पाहत होती आणि त्याच वेळी काही अभ्यासक दिङ्नाग–धर्मकीर्तींच्या तर्कशास्त्रावर जागतिक दर्जाचे लेखन करीत होते. श्चेर्बात्स्कींचा ‘बुद्धिस्ट लॉजिक’ हा द्विखंडी ग्रंथ १९३० ते १९३२ या काळात लेनिनग्राडमध्येच छापला गेला. धर्मानंद मात्र तेथे फार काळ राहिले नाहीत. ते परतले आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले.

त्यांनी जे विद्यामंडळ पाहिले, त्याचे पुढे काय झाले? १९३० साली ती संस्था प्राच्यविद्येच्या नव्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. १९३७ साली अटकांचे सत्र सुरू झाले. श्चेर्बात्स्कींचे शिष्य, तिबेटी आणि संस्कृत तर्कग्रंथांचे अभ्यासक आंद्रेई वोस्त्रिकोव, यांना त्या वर्षीच्या सप्टेंबरात गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीसच्या आसपास. बंगालीचे अध्यापक आणि रवींद्रनाथांचे अनुवादक मिखाईल तुब्यान्स्की, तसेच मृत तांगुत भाषेची लिपी उलगडणारे निकोलाय नेव्हस्की यांना त्याच नोव्हेंबरात. शहराच्या उत्तरेला असलेले बौद्ध मंदिर, ज्याचे बांधकाम १९०९ ते १९१५ या काळात झाले होते, ते बंद पडले. तेथल्या भिक्षूंनाही अटक झाली. मंदिर १९९० साली पुन्हा बौद्धांच्या हाती आले. श्चेर्बात्स्की वाचले, पण त्यांच्याभोवती कोणी उरले नाही. युद्धकाळात कझाकस्तानातल्या बोरोवोये येथे हलवले असताना १९४२ साली त्यांचे निधन झाले.

येथे तारखांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी अधिक तीव्रतेने. नेव्हस्कींचे पुनर्वसन झाले, तांगुत भाषेवरील त्यांचे काम १९६० साली दोन खंडांत छापले गेले, १९६२ साली त्यांना मरणोत्तर लेनिन पारितोषिकही मिळाले. परंतु त्यांच्या मृत्यूचे साल दीर्घकाळ १९४५ असे छापले जात होते. हा मुद्रणदोष नव्हता. गोळ्या घातलेल्यांच्या नातेवाइकांना मृत्यूच्या खोट्या तारखा आणि आजारपणाची खोटी कारणे कळवण्याचा शिरस्ताच होता. त्या तारखा बहुधा युद्धाच्या वर्षांत टाकल्या जात. युद्धात लक्षावधी माणसे मेली होती. त्यात आणखी काही हजार मिसळली तर कोणाच्या ध्यानात येणार? एका तारखेची चोरी अशी दुहेरी ठरते. जो मेला त्याचा खरा मृत्यू हिरावला जातो, आणि जे युद्धात खरोखर उपाशी मेले त्यांच्या मृत्यूंना आडोसा म्हणून वापरले जाते.

आणि ते उपासाने मेलेले कोण, हे सांगणारी तारीख म्हणजे ८ सप्टेंबर १९४१. त्या दिवशी जर्मन सैन्याने लादोगा सरोवराच्या काठचे श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा मार्ग तुटला. उत्तरेकडून फिनिश सैन्य आले होते. त्याच दिवशी बाँबवर्षावात बदायेव गोदामे पेटली. जळालेली साखर मातीत मुरली आणि ती गोड माती पुढे लोकांनी उकरून, उकळून प्यायली. शहरात दीर्घकाळ समजूत अशी होती की गोदामे जळाली म्हणून दुष्काळ पडला. इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की तेथला साठा एवढ्या मोठ्या शहराला फार तर काही दिवस पुरला असता. खरी कारणे म्हणजे जाणूनबुजून उपासमार घडवण्याचे जर्मन धोरण आणि वेढ्याआधी शहरात पुरेसे धान्य न साठवणारी, लोकांना वेळेत बाहेर न हलवणारी स्वतःची व्यवस्था. आगीची कथा सोपी होती. तीत दोष एकट्या शत्रूकडे जात होता.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत पावाचे प्रमाण पाच वेळा घटवले गेले. २० नोव्हेंबरपासून कामगारांना २५० ग्रॅम आणि इतर सर्वांना, मुलांनासुद्धा, दिवसाला १२५ ग्रॅम पाव. वेढा ८७२ दिवस चालला. न्यूरेंबर्ग खटल्यात मृत नागरिकांचा आकडा ६,३२,२५३ असा दिला गेला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज आठ लाखांच्या पुढे जातात. आयझॅक चौकाजवळच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत निकोलाय वाविलोव यांनी जगभरातून जमवलेले बियाणे होते. ते सांभाळणारे अनेक संशोधक त्या हिवाळ्यात उपासाने मेले, पण बियाण्याला कोणी हात लावला नाही. तांदळाच्या वाणांचे राखणदार दिमित्री इवानोव तांदळाच्या पुडक्यांच्या सान्निध्यात उपाशी मेले. संग्रह उभा करणारे वाविलोव स्वतः त्या वेळी सारातोवच्या तुरुंगात होते आणि जानेवारी १९४३ मध्ये तेथेच मरण पावले. शत्रूचा वेढा आणि आपल्याच राज्याचा तुरुंग या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या कथेत एकत्र येतात.

त्या पहिल्या सप्टेंबरात मात्र शहर अजून बोलत होते. १७ सप्टेंबर रोजी शोस्ताकोविच लेनिनग्राड आकाशवाणीवरून बोलले. आपण नवी सिंफनी रचत असून तिचे दोन भाग पुरे झाले आहेत, असे त्यांनी सांगितले. एवढ्या बातमीचे महत्त्व काय? शहरात कोणी काही रचते आहे, म्हणजे उद्या आहे, असा तिचा अर्थ ऐकणाऱ्यांनी लावला. महिनाअखेरीस अख्मातोवांना विमानाने बाहेर हलवण्यात आले. शोस्ताकोविच ऑक्टोबरच्या आरंभी गेले. ओल्गा बेर्गोल्त्स मात्र राहिल्या आणि आकाशवाणीवरून भुकेल्या शहराशी बोलत राहिल्या. शोस्ताकोविचची सातवी सिंफनी ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्ल एलियासबेर्ग यांच्या संचालनाखाली वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्येच वाजवली गेली.

आपल्याकडे त्या युद्धातले जे शहर घरोघरी पोचले ते स्तालिनग्राड. अण्णा भाऊ साठे यांनी त्यावर पोवाडा रचला; पुढे १९६१ साली ते स्वतः सोव्हिएत देशात जाऊन आले. स्तालिनग्राडचा पोवाडा होऊ शकतो, कारण तेथे लढाई आहे, उलट हल्ला आहे, विजयाचा क्षण आहे. भुकेचा पोवाडा कसा रचावा? तीत वीरश्री येते कुठून? रांगेत उभी राहून १२५ ग्रॅम पाव मुलासाठी घरी नेणारी बाई, वाटेत तो आपल्याच तोंडात जाऊ नये म्हणून जी झुंज देते, तिला डफावरची थाप पुरी पडत नाही. तिला वेगळे गद्य लागते. लिडिया गिंझबुर्ग या समीक्षक बाईंनी ते लिहिले. वेढ्यातल्या माणसाच्या त्यांच्या टिपणांत भूक हा विषय जवळजवळ व्याकरणासारखा तपासला आहे: माणूस बोलतो कसा, वेळ कसा मोजतो, घासाचे तुकडे कसे पाडतो. ती टिपणे छापून यायला मात्र १९८४ साल उजाडावे लागले.

एवढा उशीर का झाला, याचे उत्तर एका संग्रहालयाच्या इतिहासात आहे. वेढा जानेवारी १९४४ मध्ये पूर्णपणे उठला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलअखेरीस ‘लेनिनग्राडचे वीरोचित संरक्षण’ या नावाचे प्रदर्शन भरले. १९४६ साली त्याचे संग्रहालय झाले. लोकांनी तेथे रांगा लावल्या. १९४९ साली ते बंद करण्यात आले. शहराच्या नेत्यांवर मॉस्कोने केंद्राशी द्रोहाचा आरोप ठेवला होता. ज्यांनी वेढ्यात शहर चालवले त्यांपैकी अलेक्सेई कुझ्नेत्सोव, प्योत्र पोपकोव आदींवर सप्टेंबर १९५०च्या अखेरीस लेनिनग्राडमध्येच खटला चालला, आणि १ ऑक्टोबरच्या रात्री निकाल लागताच त्यांना ठार करण्यात आले. १९५४ साली ते निर्दोष ठरले. संग्रहालयाविरुद्धचा आक्षेप असा की त्यात शहराचे आणि शहराच्या दुःखाचे माहात्म्य फार, स्तालिनचे कमी. वस्तू विखुरल्या, कित्येक नष्ट केल्या गेल्या. १९५३ साली संग्रहालय रीतसर विसर्जित झाले.

राज्याला वेढ्याची आठवण नको होती असे नव्हे. मे १९६० मध्ये पिस्कार्योव्स्कोये येथे भव्य स्मृतिस्थळ उघडले गेले. सामूहिक थडग्यांत सुमारे पाच लाख माणसे आहेत. परंतु त्या स्मृतिस्थळात शिस्तबद्ध शोक होता. संग्रहालयातल्या पावाच्या तुकड्यात, हातगाडीवर प्रेत ओढणाऱ्या मुलाच्या छायाचित्रात जे प्रश्न दडलेले होते, ते तेथे नव्हते. पीटरची स्तुती छापून येवगेनीला अडवणाऱ्या निकोलसची ही जुनीच रीत. फरक इतकाच की त्या झाराने एका काव्यावर खुणा केल्या. येथे एका संपूर्ण शहराच्या स्मरणशक्तीवर खुणा झाल्या.

याच काळात अख्मातोवांवर काय गुदरले ते मराठी वाचक जाणतात. ऑगस्ट १९४६च्या पक्षठरावाने त्यांना आणि झोश्चेंको यांना लेखकसंघाबाहेर काढले. १९३०च्या दशकात क्रेस्ती तुरुंगाबाहेरच्या रांगांत उभे राहून त्यांनी मनोमन रचलेले ‘रेक्विएम’ कागदावर ठेवणे धोक्याचे होते. मोजक्या मैत्रिणींच्या पाठांतरात ते वर्षानुवर्षे टिकले. १९६३ साली ते म्यूनिकला छापले गेले, आणि सोव्हिएत देशात १९८७ साली. संग्रहालय जाळता येते, मृत्यूचे साल खोटे छापता येते; परंतु चार-पाच माणसांच्या तोंडी पाठ असलेल्या ओळींवर छापा घालता येत नाही. आपल्या मौखिक परंपरेचा वारसा सांगणाऱ्या मराठी अभ्यासकाला हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाल्यावर लोकगंगेने तारली, ही कथा आपण ज्या भावनेने सांगतो, तिचे विसाव्या शतकातले, तारीखवार पुरावा असलेले रूप नेवाकाठी सापडते.

अखेर वेढ्याचे संग्रहालय जुन्या जागी, सोल्यानोय गोरोदोक येथे, पुन्हा उघडले. तारीख होती ८ सप्टेंबर १९८९. म्हणजे वेढा सुरू झाला त्या दिवसाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती, आणि मधली चाळीस वर्षे ते बंद होते. जुन्या वस्तू उरल्या नव्हत्या. तेव्हा वेढ्यातून वाचलेल्या लोकांनी घरात जपून ठेवलेल्या वस्तू आणून दिल्या: शिधापत्रिका, पत्रे, रोजनिश्या, लोखंडी शेगड्या. सत्तेने जे सार्वजनिक जागेतून काढले, ते लोकांच्या कपाटांत चाळीस वर्षे राहिले होते.

म्हणून आरंभीच्या शरदात या शहरात जाणाऱ्याने राजवाडे पाहावेत, हर्मिटाज पाहावे, नेवावरचा तिरपा उजेड पाहावा. त्यासाठीच लोक जातात आणि त्यात गैर काही नाही. परंतु धर्मानंदांचे उदाहरण पाहुण्याने मनाशी ठेवावे. त्यांनी १९२९ साली जे विद्यामंडळ प्रत्यक्ष पाहिले ते आठ वर्षांत नाहीसे झाले. आज त्या जागी उभे राहून ते दिसत नाही. पाहुण्याला उभे असलेले दिसते. काढून टाकलेले दिसण्यासाठी वाचावे लागते, आणि वाचताना तारखा तपासाव्या लागतात. साहित्य शिकवणाऱ्यांना तारखांचा कंटाळा असतो, तो आपण वर्गातही पसरवतो; कृतीचा प्रकाशनकाळ ही परीक्षेपुरती गोष्ट मानतो. ‘ब्राँझचा घोडेस्वार’ १८३३ आणि १८३७, ‘रेक्विएम’ १९३०चे दशक आणि १९८७, गिंझबुर्गांची टिपणे १९४०चे दशक आणि १९८४: रचना आणि प्रसिद्धी यांच्यामधले हे अंतर म्हणजेच त्या कृतींचा अर्धा आशय आहे. तो विद्यार्थ्यांपुढे मांडला नाही तर उरते ती केवळ सुंदर रचना.

नेव्हस्की रस्त्यावर चौदा क्रमांकाच्या इमारतीवर एक निळी पाटी रंगवलेली आहे. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची आहे, अशी ती वेढ्यातल्या नागरिकांना दिलेली सूचना. गोळे नैर्ऋत्येकडून येत, म्हणून ईशान्येकडची बाजू मारात सापडे. एवढी साधी, कामाची माहिती. मूळ पाट्या युद्धानंतर पुसल्या गेल्या होत्या. ही १९६२ साली पुन्हा रंगवली. तिच्याखाली लोक फुले ठेवतात. दरवर्षी ८ सप्टेंबरला शहरात वेढ्यातल्या मृतांची नावे मोठ्याने वाचली जातात. स्मृतिग्रंथाचे पस्तीस खंड आहेत, त्यामुळे एका दिवसात ती संपत नाहीत.